डब्यातलं सामान कोणी भरलं?

आज आम्ही तुमच्याशी जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. तुमच्या गावात आता कितीतरी डबे आले आहेत. दूध संकलन केंद्रात फॅट मोजणारं मशीन असतं, पंपाला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर असतो, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर पर्जन्यमापक असतो. कुठे बचतगटानेच घेतलेला, घोषणा वाजवणारा स्पीकरचा डबा असतो. या डब्यांना दिवे असतात, अँटेना असते, कधी लहानसा पडदा असतो. आत काय आहे, ते मात्र कोणी विचारत नाही. आत एक लहानसा कॉम्प्युटर असतो आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात कोणीतरी सामान भरलेलं असतं. ते सामान कोणी भरलं, कशाने भरलं आणि उद्या गरज पडली तर पुन्हा भरता येईल का, एवढंच आज बोलायचं आहे.

आम्ही बोलतोय मुंबईतून, हिंदमाताहून. दादर आणि परळ यांच्या मधला हा भाग. हिंदमाता नावाच्या सिनेमा थिएटरवरून नाव पडलं आणि कापडबाजारामुळे ते घरोघर पोचलं. लग्नाचा बस्ता बांधायला तुमच्यापैकीही काही जणी इथे येऊन गेल्या असतील. दुसरं नाव झालं ते पाण्यामुळे. पावसाळ्यात टीव्हीवर गुडघाभर पाण्यातून चाललेली माणसं दाखवतात ना, ते बऱ्याचदा आमचंच नाकं असतं. ही जागा बशीसारखी आहे. आजूबाजूचं पाणी इथे उतरतं आणि समुद्राला भरती असली की बाहेर जायची वाट बंद होते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की इथल्या दुकानदारांच्या पोटात गोळा येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते तर सगळ्या महाराष्ट्राला आठवतं. त्यानंतर पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, दर पंधरा मिनिटांनी आकडा देणारे. अलीकडे प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. हिंदमाताचं पाणी पंपाने तिकडे नेऊन ठेवायचं आणि ओहोटी लागली की समुद्रात सोडायचं. फरक पडलाय, खोटं कशाला बोला. पण आमच्या गल्लीत पाणी येतं ते येतंच, फक्त उशिरा येतं आणि लवकर उतरतं.

आम्ही पाचजणी आहोत. दोघींनी इलेक्ट्रॉनिक्स शिकलंय, एक दुकानात हिशेब बघते, एक शिवणकाम करते आणि एकीने वीस वर्षं घरी टीव्ही-रेडिओ दुरुस्त केलेत. गल्लीसाठी आम्ही एक डबा बनवला. रस्त्यावर पाणी किती चढलं ते हा डबा बघतो, ठराविक उंचीला पोचलं की वरच्या मजल्यावरचा स्पीकर वाजवतो आणि दुकानदारांना मेसेज पाठवतो, म्हणजे खालच्या फळीवरचे कापडाचे तागे वेळेत वर चढतात. एक भिजलेला तागा म्हणजे काय नुकसान, ते दुकानात नोकरी करणाऱ्या बाईला विचारा. पगारातून कापतात.

आता ही यंत्रणा दोन भागांची आहे. इमारतीच्या भिंतीवर, रस्त्यापासून अडीच मीटर उंचीवर, एक सेन्सर खाली तोंड करून बसवलाय. तो आवाज सोडतो, माणसाला ऐकू न येणारा, आणि पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे दोन मीटर खाली जाऊन परत यायला सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहून थोडा जास्त वेळ. पाणी वर आलं की हा वेळ कमी होतो. झालं, एवढंच गणित.

या सेन्सरजवळ जी चिप आहे, तिच्यात ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा मोठा पसारा नाही. दोन-तीनशे ओळींचा एक प्रोग्रॅम आहे, तो तेवढंच काम करत राहतो. हे आधीच सांगतो, कारण विकणारे लोक साध्या कामालाही मोठा कॉम्प्युटर गळ्यात मारतात. टाकी भरली की मोटर बंद करायची असेल, तर त्याला लिनक्स लागत नाही, मैत्रिणींनो. स्वस्तातली चिप पुरते आणि तिला वीजही कमी लागते.

दुसरा भाग मात्र वेगळा. वरच्या खोलीतल्या डब्याला सेन्सरकडून रेडिओवर आकडा येतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीच्या रेडिओला परवाना लागत नाही, तोच आम्ही वापरतो. तो आकडा लिहून ठेवायचा, मोबाइलच्या डोंगलमधून मेसेज पाठवायचा, आमच्याच आवाजात रेकॉर्ड केलेली सूचना स्पीकरवर वाजवायची, लहान पडद्यावर मराठीत पातळी दाखवायची. इतकी कामं एकदम करायची म्हटलं की ऑपरेटिंग सिस्टीम लागते. आम्ही रास्पबेरी पाय नावाचा, तळहातावर मावणारा कॉम्प्युटर घेतला. २०१२ पासून तो बाजारात आहे आणि आमच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. त्याला आपली हार्ड डिस्क नसते. मोबाइलमध्ये घालतो तसलं मेमरी कार्ड खोचायचं, त्या कार्डावर जे असेल ते तो चालवतो.

कार्डावर जे भरतात त्या सगळ्या ऐवजाला इमेज म्हणतात. इमेज म्हणजे इथे फोटो नव्हे. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याच्यावरची लहानमोठी साधनं, आपला प्रोग्रॅम, आपले आवाज, आपली अक्षरं, सगळं एका फाइलमध्ये बांधलेलं असतं, ती इमेज. तशीच्या तशी कार्डावर उतरवायची. कार्ड मेलं तर दुसऱ्या कार्डावर तीच इमेज पुन्हा उतरवायची, की डबा जिवंत.

ही इमेज बनवायची कशी, यावर आमच्यात तीन रविवार वाद झाला. कापडबाजारातल्या बायका आम्ही, म्हणून कापडाच्याच भाषेत सांगतो. तीन वाटा होत्या. तयार कपडा घ्या आणि थोडा आत घाला. कापड घेऊन मापाने शिवा. नाहीतर युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यासारखी मोठी व्यवस्था उभी करा.

तयार कपडा म्हणजे रास्पबेरी पाय ओएस. कंपनीने दिलेली, डेबियन नावाच्या लिनक्सवर उभी. सगळ्यात हलकी आवृत्ती घेतली तरी उलगडल्यावर दोन जीबीच्या वर जाते. कार्डावर उतरवा, चालू करा, हवं ते आणखी बसवा, नको ते काढा. शिकायला ही उत्तम आहे, आणि नमुना डबा आम्ही तिच्यावरच केला. पहिल्या दिवशी कोणी बिल्डरूट आणि योक्टो शिकायला बसली तर पाण्याचा डबा दिवाळीपर्यंत होणार नाही. शाळेत, प्रयोगाला, एकाच डब्याला ती घ्या, बिनधास्त घ्या.

पण आमचे डबे पाच होणार होते. एका डब्यात हाताने केलेले बदल दुसऱ्यात जसेच्या तसे करायचे म्हणजे आठवणीवर कारभार. मग सोपा मार्ग म्हणून लोक काय करतात? चाललेल्या कार्डाचीच नक्कल काढतात आणि पुढच्या डब्यात खोचतात. नकलेची नक्कल. वर्षभराने त्या कार्डात काय आहे आणि का आहे, ते कोणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे एखाद्या घरचा मसाला प्रसिद्ध असतो, पण प्रमाण फक्त आजीच्या हाताला माहीत असतं. आजी गेली की मसाला गेला.

हे कल्पनेतलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका महिला गटाने आम्हाला त्यांच्या हवामानाच्या डब्याविषयी लिहिलं होतं. वर्गणी काढून घेतलेला, तीन पावसाळे चालला, मग वीज जाऊन-येऊन कार्ड खराब झालं. विकणाऱ्याचा फोन लागत नाही. सामान सगळं शाबूत आहे, सेन्सर ठीक, तारा ठीक, फक्त कार्डातली इमेज गेली आणि तिची प्रत कोणाकडेच नाही. कोणाचं नाव घेण्यात अर्थ नाही, असे विकणारे खूप आहेत. मुद्दा हा की काही हजारांची वस्तू शेदोनशे रुपयांच्या कार्डापायी बंद पडली.

म्हणून आम्ही मापाने शिवायचं ठरवलं. त्या साधनाचं नाव बिल्डरूट. हे २००१ च्या सुमारास सुरू झालं, फुकट आहे, आणि जगभरचे लोक मिळून ते सांभाळतात. वर्षातून चार आवृत्त्या येतात, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये. फेब्रुवारीची आवृत्ती जास्त दिवस सांभाळली जाते, म्हणून आपल्यासारख्यांनी तीच घ्यावी.

त्याचं काम असं चालतं. लॅपटॉपवर बिल्डरूट उतरवायचं. आपला बोर्ड कोणता ते सांगायचं, त्यासाठी तयार सुरुवातीच्या याद्या असतात. मग एक यादी उघडते, लांबलचक, अडीच हजारांहून जास्त जिन्नसांची. बिगबाजारात गेल्यासारखं वाटतं, पण घ्यायचं फक्त गरजेचं. आवाज वाजवायचं साधन, टिकमार्क. मोडेमचं साधन, टिकमार्क. प्रिंटर? नको. ब्राउझर? नको. मग एक शब्द टाइप करायचा, मेक, आणि जेवायला जायचं. ते इंटरनेटवरून एकेक प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आणतं, आपल्या बोर्डाच्या चिपला समजेल अशा भाषेत बदलतं आणि शेवटी एक इमेज हातात देतं. लॅपटॉपची चिप वेगळी, डब्यातली वेगळी, तरी एकीवर बसून दुसरीचं काम होतं. दुकानात एक माप घेऊन शिवलेलं गावाकडच्या बहिणीला नेमकं बसावं, तसं. पहिल्या वेळी आमच्या जुन्या लॅपटॉपला दोन तासांवर लागले. हाती आलेली इमेज शंभर एमबीच्या आतली होती, आणि डबा चालू केल्यापासून पंधरा सेकंदांत पातळी दाखवायला लागला.

आम्हाला यात सगळ्यात जास्त काय आवडलं, तर आपण केलेल्या निवडीची यादी एका लहान फाइलमध्ये राहते. काही डझन ओळी. ती फाइल, आपले आवाज आणि आपला प्रोग्रॅम, हे तीन सांभाळले की डबा पुन्हा कधीही बनवता येतो, आणि दुसरीलाही बनवता येतो. हिशेब बघणारी आमची मैत्रीण कॉम्प्युटरची नाही, पण ती यादी ती वाचू शकते. एकदा तिनेच विचारलं, हे ब्लूटूथ कशाला घेतलंय? खरंच, नको होतं.

अडचणीही सांगतो. मापाने शिवलं की बटणसुद्धा आपल्यालाच लावावं लागतं. पहिली इमेज चालू झाली आणि पडद्यावर मराठी ऐवजी रिकाम्या चौकोनांची रांग. बिल्डरूटच्या यादीतून आम्ही घेतलेल्या डेजावू या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मग लोहित हा मुक्त फॉन्ट वेगळा घालावा लागला. अक्षरं आली, पण हिंदमाता हा शब्दच मोडून आला. आपली पहिली वेलांटी बोलताना ह नंतर येते आणि लिहिताना ह च्या आधी बसते. हे उलटसुलट कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही, त्यासाठी हार्फबझ नावाचं अक्षरजुळणीचं साधन यादीत घ्यावं लागतं आणि पडद्यावर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने ते वापरावं लागतं. इंग्रजीत डबा बनवणाऱ्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. तुमच्या मशीनवर मराठी मोडकी दिसत असेल, तर ते मशीन जुनं म्हणून नाही, भरणाऱ्याने हे दोन जिन्नस घेतले नाहीत म्हणून.

दुसरं घड्याळ. रास्पबेरी पायच्या चौथ्या मॉडेलपर्यंत त्यात बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ विसरतो, आणि इंटरनेट मिळालं की पुन्हा विचारून घेतो. पुराच्या रात्री वीज आणि नेट दोन्ही गेलं तर? पाणी किती वाजता चढलं याची नोंद खोटी होणार, आणि पुढे नुकसानभरपाईसाठी तीच नोंद दाखवायची असते. म्हणून नाण्याएवढ्या सेलवर चालणारी घड्याळाची चिप लावली, डीएस ३२३१. ती ओळखणारा भाग ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात घ्यावा लागतो, आणि गंमत म्हणजे यादीत तो डीएस १३०७ या दुसऱ्याच चिपच्या नावाने आहे. माहीत नसलेली बाई शोधून शोधून थकेल. आणि डोंगल! काही डोंगल लावल्यावर आधी सीडी असल्याचं सोंग घेतात. त्यांना समजावून मोडेम बनवणारं एक साधन वेगळं घ्यावं लागतं. तयार ओएसमध्ये हे सगळं कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं, इथे आपलं आपण.

आणखी एक, फार महत्त्वाचं. बिल्डरूटने बनवलेल्या इमेजमध्ये मुख्य खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. दार सताड उघडं. यादीतच पासवर्ड ठरवायची जागा आहे, ती विसरायची नाही.

बिल्डरूटची आणखी एक मर्यादा म्हणजे डबा बाहेर गेल्यावर त्यात एखादा प्रोग्रॅम वेगळा बसवायची सोय त्यात नसते. बदल करायचा तर पूर्ण नवी इमेज. आणि यादीतला एखादा खोलवरचा जिन्नस बदलला की सगळं पहिल्यापासून शिजवावं लागतं. पाच डबे, एकाच जातीचे, वर्षातून दोनदा बदल. आम्हाला ते चालतं.

कोणाला चालणार नाही? तिसरी वाट त्यांच्यासाठी आहे, योक्टो. लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये हा प्रकल्प जाहीर केला. त्याच्या आतलं शिजवणारं यंत्र, त्याचं नाव बिटबेक, त्याहून जुनं आहे. नावं ऐकून आम्हाला हसू आलं, कारण सगळी स्वयंपाकघरातली. एका प्रोग्रॅमची कृती म्हणजे रेसिपी. कृतींचे गठ्ठे एकावर एक ठेवायचे, त्याला लेयर म्हणतात, थर. बोर्ड बनवणारी कंपनी आपला थर देते, कोणी पडद्याचा थर देतं, सर्वांत वर आपला थर. खालच्या थराला हात न लावता वरच्या थरातून त्यातलं प्रमाण बदलता येतं. जसं सासूबाईंची वही तशीच ठेवायची आणि आपल्या वहीत लिहायचं, तिखट अर्धं.

हे फार ताकदीचं साधन आहे. एकदा शिजवलेला भाग ते जपून ठेवतं आणि पुन्हा लागला तर तोच वाढतं, म्हणून दहा जातींचे बोर्ड, वीस गिऱ्हाईकं, दर महिन्याला बदल असं असेल तर योक्टोला तोड नाही. गाड्यांमधले पडदे आणि कारखान्यातली यंत्रं यांत ते भरपूर वापरतात. आमच्या एका मैत्रिणीची मुलगी पुण्याला हेच काम करते. वर्षातून दोन आवृत्त्या येतात, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आणि दर दोन वर्षांनी एक अशी आवृत्ती की जी चार वर्षं सांभाळली जाते. दहा वर्षं टिकवायच्या यंत्राला हा मोठा आधार.

पण खर्च? लॅपटॉपवर शंभर जीबीच्या आसपास रिकामी जागा पाहिजे. पहिल्यांदा शिजायला आमच्या मशीनवर रात्र गेली आणि पंखा असा ओरडत होता की शेजारच्या काकू विचारायला आल्या. शिकायला आठवडे नाही, महिने लागतात. दादर-परळच्या बायकांनी एके काळी गिरणी कामगारांसाठी घरोघर खाणावळी चालवल्या, १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. शंभर पानं उठवायची तर मोठी भांडी, मोठी शेगडी, वाटून दिलेली कामं हवीतच. पण पाच माणसांच्या घरात ती शेगडी आणून ठेवली तर चालायला जागा उरत नाही. आमचं मत स्पष्ट आहे. लहान गटाला, एकदोन जातींच्या डब्यांना, बिल्डरूट. योक्टो मोठं म्हणून चांगलं, असं जे सांगतात त्यांच्या नादी लागू नका, आणि बिल्डरूट लहान म्हणून कच्चं असंही नाही.

वायफायचा राउटर असेल, तर मात्र वेगळंच तयार साधन आहे, ओपन डब्ल्यूआरटी. त्याचा जन्म कसा झाला ते सांगण्यासारखं आहे. लिंकसिस कंपनीचा एक निळा राउटर होता. त्यात लिनक्स भरलंय हे लोकांना कळलं. लिनक्सचा परवाना असा आहे की तुम्ही ते घालून वस्तू विकलीत, तर त्या भागाचा मूळ मजकूर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. लोकांनी पाठपुरावा केला, २००३ मध्ये कंपनीने मजकूर खुला केला आणि त्यातूनच पुढच्या वर्षी ओपन डब्ल्यूआरटी उभं राहिलं.

हा परवाना तुमच्याही कामाचा आहे. तुमच्या गटाने घेतलेल्या डब्यात लिनक्स असेल, तर त्यातल्या त्या परवान्याखालच्या भागांचा मूळ मजकूर मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. विकणाऱ्याने स्वतः लिहिलेला वेगळा प्रोग्रॅम तो देईलच असं नाही, ते त्याचं. पण ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा हा कोणा एकाचा नाही. बिल्डरूट आणि योक्टो दोन्हींमध्ये कोणत्या जिन्नसाला कोणता परवाना आहे याची यादी आपोआप काढून मिळते, तेव्हा यादी नाही असं कोणी म्हणालं तर ती काढली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खरेदीच्या वेळी बचतगटाने काय विचारायचं, ते सांगतो. आधी विचारा, इमेज कशाने बनवली. उत्तर बिल्डरूट, योक्टो, डेबियन काहीही असू दे, उत्तर आलं पाहिजे. "ते आमचं सीक्रेट आहे" म्हणाला, तर बहुतेक नकलेची नक्कल असते. मग इमेजची फाइल पेन ड्राइव्हवर मागा आणि डब्यासोबत भरलेलं दुसरं कार्डही मागा. पावतीवर लिहून घ्या. कार्ड बदलून डबा चालू करून दाखव म्हणावं, तिथल्या तिथे, तुमच्यातल्याच एकीच्या हाताने. पासवर्ड कोणाकडे आहे? सगळ्या गावांतल्या डब्यांना एकच पासवर्ड असेल तर एका गावातून सगळ्यांचे डबे उघडतील.

वीज जाण्याचंही विचारा, कारण गावात तोच खरा शत्रू. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली की कार्डातला मजकूर बिघडतो. आम्ही ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग फक्त वाचण्यापुरता ठेवलाय, त्यावर डबा काही लिहूच शकत नाही. नोंदी एका वेगळ्या कप्प्यात जातात. तो कप्पा बिघडला तरी डबा उठतो आणि ओरडायचं काम करतो. शिवाय कार्डावर ऑपरेटिंग सिस्टीमच्या दोन प्रती आहेत. नवी इमेज दुसऱ्या कप्प्यात उतरते, तिच्यावरून डबा नीट उठला तर ठीक, नाही तर आपणहून जुन्यावर परत येतो. यासाठी राउक नावाचं साधन आहे, तेही बिल्डरूटच्या यादीत मिळतं. हे बसवायला आम्हाला डब्याच्या बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला, पण जूनमध्ये पावसात शिडीवर चढून कार्ड बदलायचं नसेल तर हे मेमध्येच करावं लागतं.

एक लांबचीही गोष्ट आहे. जुन्या पद्धतीची ३२ बिटांची मोजणी करणारे कॉम्प्युटर १९ जानेवारी २०३८ नंतरची तारीख मोजू शकत नाहीत, त्यांचं घड्याळ मागे उडी मारतं. लांब वाटतं, पण विहिरीवर बसवलेला डबा बारा-पंधरा वर्षं कोणी हलवत नाही. इमेज बनवतानाच ६४ बिटांची निवड केली की हा प्रश्न उरत नाही.

सातारच्या गटाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यांनी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो पाठवले. बोर्ड ओळखीचा निघाला, बिल्डरूटच्या तयार याद्यांत होता. सेन्सरची तार कोणत्या पिनला जाते ते त्यांच्यातल्या एका मुलीने वहीत काढून पाठवलं, आणि ते चित्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकापेक्षा चांगलं होतं. पाऊस आणि तापमान परत दिसायला लागलं. वाऱ्याची दिशा अजून उलटी येते, उत्तरेचा वारा दक्षिणेचा दिसतो, त्यावर काम चालू आहे. यादीची फाइल आता त्यांच्याकडे आहे आणि आमच्याकडेही.

मूळ मजकुराचंही असंच जपावं लागतं. बिल्डरूट इंटरनेटवरून जे जे आणतं ते एका फोल्डरमध्ये साठतं. पाच वर्षांनी त्यातले काही पत्ते इंटरनेटवरून नाहीसे झालेले असतात. म्हणून तो फोल्डर आम्ही दोन हार्ड डिस्कवर ठेवलाय. एक डिस्क आमच्या हिशेबवालीकडे, लोखंडी कपाटात, तिसऱ्या मजल्यावर. दुसरी बदलापूरला एकीच्या माहेरी. दोन्ही हिंदमाताला ठेवणं बरोबर दिसलं नसतं.

तुमच्या गटाकडे असा बंद पडलेला डबा असेल तर या केंद्रावर कळवा. बोर्डाचा फोटो नीट उजेडात काढा, चिपवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. आणि कार्ड फेकू नका, वाटलं मेलंय तरी. त्यातलं काही ना काही बऱ्याचदा वाचता येतं.